मैनेला कात्री

मामा, काल तुझा दहावा झाला. ओढ्याच्या काठी जांभळीखाली पिंड ठेवला आणि कावळा काही येईना. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करायला लागले, माणसं सावली शोधत मागे सरकली. मग सुरू झालं नेहमीचं. काय राहिलं, कशात जीव अडकला. मामीला सांभाळू, असं सांगून झालं. विहिरीची मोटर दुरुस्त करू, असंही कोणीतरी म्हणालं, जणू तू मोटरीसाठी अडून बसला होतास. शेवटी तुझा पुतण्या बंडू पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "काका, मैनेले कात्री लावू देनार नाही. कोनालेच." आणि कावळा आला. पिंडाला चोच लावली, भात उचलला आणि गेला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर तोंडाला लावलेला, म्हणून त्यांना वाटलं भाची रडतेय. मी रडत नव्हते. माझं डोकं फिरलं होतं. मेल्यावरही तू माझ्याशीच भांडतोस आणि साक्षीला कावळा आणतोस, हे काही बरं नाही मामा. सगळे मोकळे होऊन घरी गेले. मी अजून तिथेच आहे, भांडणाच्या मधोमध.

मैनेवरून आपली जुंपली तेव्हा मी मेहकरात दवाखाना टाकून फार काळ झाला नव्हता. गावभर तू सांगत फिरायचास, आमची भाची जनावराची डॉक्टर हाय. पण स्वतःच्या गोठ्यात मला शिरू द्यायचं म्हटलं की दारात असा उभा राहायचास, जशी मी चोरीच करायला आलेय. मैना, तुझी ती पांढरी घोडी, म्हणजे तुझ्या वडिलांच्या घोडीच्या वंशातली शेवटची. सुलतानपुरातल्या निम्म्या नवरदेवांना तिनंच मारोतीच्या पाया पडायला नेलं. लग्नसराईत तिच्या डोक्यावर तुरा चढवताना तुझी छाती अशी फुगायची, की नवरदेव कोण हेच कळत नसे. तुला तिच्या पोटचं एक शिंगरू हवं होतं. एकच. हंगामामागून हंगाम घोडा दाखवलास आणि ती रिकामीच राहिली. तेव्हा कुठे नाइलाजानं मला निरोप धाडलास.

मी तपासलं आणि सांगितलं, गर्भपिशवीला आतून सूज असावी. नक्की कळायचं तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा नखाएवढा तुकडा चिमट्यानं काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. एवढं बोलले मात्र, तुझा चेहरा उतरला.

"जित्या जनावराच्या पोटातून तुकडा?" तू म्हणालास.

तिला दुखत नाही, त्या जागेला चिमट्याचं कळतसुद्धा नाही, असं मी समजावलं. त्यावर तू मला विचारलंस, "तुले तिनं सांगतलं काय?" यावर पशुवैद्यकाच्या कोणत्या पुस्तकात उत्तर आहे? मला हसू आलं आणि रागही आला. मामी तेव्हा चहा घेऊन ओसरीवर आली होती. तुकड्याचं बोलणं कानावर पडलं तशी ती कप हातात धरून उभीच राहिली. तू तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालास, जा, आत जा. ती आत गेली. चहा तसाच निवून गेला.

घरी येऊन आईपाशी मी तुझ्या नावानं बोटं मोडली, तेव्हा तिनं मला मामीचं सांगितलं. लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून तू तिला मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं होतंस. तिथे तिची पिशवी साफ केली. रक्त थांबेना. बाहेरच्या बाकड्यावर बसून तू तिचा आवाज ऐकत होतास आणि आत जाऊ देत नव्हते. ती वाचली, पण मूल झालं नाही ते नाहीच. तुझ्या लेखी तेव्हापासून कात्री, चिमटा, तुकडा हे सगळं एकच झालं. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी तुझ्यापुढे चिमटा नाचवला नसता. पण आपल्या घरात असल्या गोष्टी बायका बायकांना सांगतात, तेही उशिरा.

मग मी दुसरी वाट धरली, आणि ती तुझ्या हट्टामुळे धरली, हे आज कबूल करून टाकते. लांब नळीच्या टोकाला बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू शोभावं एवढासा ब्रश. नळीतून तो पिशवीत न्यायचा, हलके फिरवायचा, पुन्हा नळीत ओढून बाहेर काढायचा आणि काचेच्या पट्टीवर लाटून वाळवायचा. दुसरं म्हणजे थोडं सलाइन आत सोडायचं, ते परत येऊ द्यायचं आणि खाली बसलेला गाळ बघायचा. कापणं नाही, रक्त नाही. तू सगळं ऐकून घेतलंस, ब्रश बोटावर फिरवून पाहिलास आणि म्हणालास, इतकंच ना, मंग ये सोमवारी.

सोमवारी मी आले तर मैना नवरीसारखी नटवलेली. शेपटीला वेणी, वेणीत लाल गोंडा. तू तिच्या मानेला कपाळ टेकून उभा राहिलास आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत राहिलास, तशी ती खांबासारखी उभी. तिला धरायला दोरी लागली नाही की चार माणसं लागली नाहीत. मी नमुना घेतला, दवाखान्यात येऊन रंगवला आणि बघते तर काचेवर पूच्या पेशींचा नुसता बाजार भरलेला. एवढी सूज? मी औषधं काढून ठेवली, तुला फोन केला. आणि तू सहज, अगदी सहज बोलून गेलास की आदल्या दिवशी तू तिला आतून हळदीच्या पाण्यानं धुऊन काढलं होतंस. का, तर भाची डॉक्टरीण होऊन पहिल्यांदाच आतलं बघायला येतेय, तिला घाण कशी दाखवायची?

मामा, मी फोनवर काय काय बोलले ते मला आठवत नाही. बंडू म्हणतो, लाउडस्पीकर लावला नव्हता तरी अंगणात ऐकू येत होतं. पाहुणे येणार म्हणून सारवून ठेवावं तशी तू घोडी सारवून ठेवली होतीस. त्या हळदीनंच ती आतून चिडली, आणि खरी सूज किती आणि तू आणलेली किती, हे कळायला मार्ग राहिला नाही. पुढच्या माजाची वाट बघावी लागली. त्यानंतर तू कानाला खडा लावलास. पुढच्या वेळी मी यायच्या आधी तू तिच्या जवळपास पाण्याची बादलीसुद्धा ठेवली नव्हतीस.

दुसरा नमुना खरा निघाला. पहिल्यापेक्षा कमी, पण सूज होती. ती काच बघायला तू स्वतः मेहकरला आलास, धुतलेलं धोतर नेसून, देवळात जावं तसा. एक डोळा मिटून मायक्रोस्कोपात वाकलास. मी तुला दाखवलं, हे मोठे निळे ठिपके म्हणजे मैनेच्या पिशवीच्या पेशी आणि त्यांच्यातले हे तुटक दाण्यांचे म्हणजे पू. तू बराच वेळ मान वर केली नाहीस. मग म्हणालास, "आतून एवढी दुखून राह्यली अन् आपल्याले बोलली नाही वं." आणि डोळे पुसलेस. मी तुझा राग सगळा विसरले. तुला चहा पाजला आणि म्हटलं, बघ मामा, कात्री न लावता कळलं की नाही?

ते मी खरंच बोलले होते, पण घोडीबद्दल. तू ते वाक्य गाठ मारून ठेवलंस आणि पुढे माझ्याच अंगावर फेकलंस.

तुझ्या गालात आतून पांढरा डाग पडलेला मी तोच चहा पिताना पाहिला होता. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी तेव्हाही तुझ्या खिशातून डोकावत होती. मी बोलले तर म्हणालास, दात लागला असंल. मग डागाची जखम झाली. जखम भरेना. तोंड उघडेना. मामी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली. मी तुला ओढून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट बघितलं आणि म्हणाले, तुकडा काढून तपासू. तू शांतपणे उठलास, म्हणालास, लघवीले जाऊन येतो. आणि एस.टी.त बसून थेट गाव गाठलंस. मी अख्खा दवाखाना पालथा घातला, बायकांच्या वॉर्डातसुद्धा बघून आले. फोन लावला तर तू मैनेला कडबा टाकत होतास.

मग एक दिवस दवाखान्यात येऊन माझ्यापुढे गाल करून बसलास. मैनेले बरश फिरवला, तसा मले फिरव. मी म्हटलं, मी जनावरांची डॉक्टर आहे. तर म्हणालास, मंग मी कोन हाओ? मी ब्रश फिरवला नाही. माणसाच्या तोंडाला हात लावायचा मला अधिकार नाही, हे तुला शंभरदा सांगितलं. मी हात धुवायला गेले तेवढ्यात तू डब्यातला एक कोरा ब्रश उचललास. दोन दिवसांनी बंडू वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच घेऊन आला. तू घरी बसून स्वतःच्या गालावर तो फिरवला होतास. माझं बघून बघून काचेवर घासला नव्हतास, लाटला होतास. सावलीत वाळवला होतास.

घोडीच्या पेशी मला ओळखता येतात. तुझ्या मला ओळखता येत नव्हत्या. अकोल्यात माझी एक मैत्रीण माणसांच्या काचा वाचते, तिच्याकडे नेली. तिनं खूप वेळ पाहिलं. म्हणाली, चांगलं दिसत नाही, पण ब्रश वरवरचंच उचलतो, यावरून मी छातीठोक सांगू शकत नाही. शंका आहे. तुकडा घ्यायला लाव, लवकर.

मी तशीच सुलतानपूरला आले. तू गोठ्यात होतास. मी सगळं सांगितलं. तू ऐकलंस आणि तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडून म्हणालास, "शंकाच हाय म्हनते ना? शंकेवर कोनी मरते काय?"

मी तुला समजावलं रे. ओरडून समजावलं, हात धरून समजावलं. मैनेत मी जी सूज शोधत होते ती वरच्या थरात असते, म्हणून ब्रशला सापडते. तुझ्यात जे शोधायचं ते खोल उतरलेलं असतं. कुठवर गेलं ते वरून पुसून कळत नाही. ब्रश दारापर्यंत नेतो, आत काय आहे ते तुकडाच सांगतो. तू मान हलवत होतास. मला वाटलं, पटलं. मग तू खिशातून गूळ काढलास, मैनेच्या तोंडात घातलास आणि मला विचारलंस, यंदा घोडा कधी दाखवायचा.

त्यानंतरचं मला लिहायचं नव्हतं. पण ते वगळलं तर तू मला खोटारडी म्हणशील. तुझा गाल बाहेरून फुटला. वास यायला लागला. भेटायला आलेली माणसं उंबऱ्यात थबकायची, नाकाला रुमाल लावायचा की नाही या विचारात पडायची. तुला ते कळायचं. म्हणून तू खाट गोठ्यात हलवायला लावलीस. मैनेला तुझ्या वासाचं काही नव्हतं. ती तुझ्या अंगावरून तशीच नाक फिरवायची, जशी आधी फिरवायची. आवाज गेला तेव्हा तू हातानं बोलायला लागलास. यंदाही घोडा दाखवला होता, डोणगावजवळच्या त्या जमीनदाराचा. आपण शेवटचे भेटलो तेव्हा तू मैनेच्या पोटाकडे बोट केलंस आणि पंजा उलटा करून विचारलंस, काय? मी म्हटलं, अजून बघायचंय मामा, थोडं थांब. तू थांबला नाहीस.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. तुझ्या हट्टापायी मी ब्रश हातात घेतला नसता तर आजही तुकड्याचंच नाव काढत फिरले असते आणि लोकांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं. आता लोणारपासून मेहकरपर्यंत माणसं आपली घोडी आणून उभी करतात. सुलतानपूरच्या मामाच्या घोडीला केलं तेच करा, म्हणतात. किती घोड्या त्यामुळे बऱ्या झाल्या आणि व्यायल्या. त्या शिंगरांपैकी एकही तुझ्या दारात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आज सकाळी मी मैनेला तपासलं. तेरवीपर्यंत थांब असं सगळे म्हणत होते, पण तेरवी झाली की मलकापूरचा व्यापारी येणार आहे. त्यानं बंडूला निरोप दिलाय. भाकड घोडी तो इथून नेतो आणि पुढे तिचं काय होतं ते कोणी विचारत नाही. बंडूनं तिला धरलं, पण तिला उभं केलेली लाकडी चौकट तिनं लाथेनं हादरवून टाकली. तुझं गुणगुणणं नव्हतं ना. कशीबशी सोनोग्राफी केली.

रिकामी आहे मामा.

ब्रश फिरवला, सलाइन घालून गाळ पाहिला. दोन्ही स्वच्छ. सूज गेली आहे, ती आपण घालवली. घोडाही चांगला होता. तरी राहत नाही, म्हणजे जे बिघडलंय ते खालच्या थरात आहे. वर्षानुवर्षांच्या सुजेनं आत वण धरले असतील. ते किती आहेत, तिला शिंगरू पेलेल की नाही, हे ब्रशनं कळत नाही. मी बंडूला तसं सांगितलं. तो वाईट नाही रे, उगाच त्याच्यावर डोळे वटारू नकोस. त्याची दोन लेकरं आहेत, कोरडवाहू रान आहे. तो म्हणाला, "ठेवू का इकू, येक सांग. शंकेवर घोडी नाही पोसता येत, ताई."

मी म्हटलं, मग तुकडा घेऊ दे. त्यानं दोन्ही कान धरले. कावळा शिवला ना, म्हणाला. आता कात्री लावली तर काका फिरत राहीन. मी म्हटलं, आणि विकली तर? त्याचं वचन विकण्याबद्दल नव्हतंच. बघ, काय करून ठेवलंस ते. कात्री लागू नये म्हणून तुझी मैना ट्रकमध्ये चढणार होती.

तेवढ्यात मामी बाहेर आली. दहा दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. काल ओढ्यावर निघालो तेव्हाही नुसती बसून होती. ती सरळ गोठ्यात आली, मैनेच्या आयाळीतून हात फिरवला आणि आमच्याकडे न बघता बोलायला लागली. आईनं मला अर्धंच सांगितलं होतं मामा. उरलेलं अर्धं आज कळलं. पिशवी साफ केल्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी तुम्हाला परत बोलावलं होतं. एक तुकडा घेऊन बघू, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल, असं म्हणाले होते. तू मामीला तिथूनच उठवलंस. हिले आता कोनी हात लावनार नाही, म्हणालास, आणि घरी घेऊन आलास.

"लई जीव होता त्याचा," मामी म्हणाली. "माह्यासाठी नाही म्हने. मैनेसाठी नाही म्हने. सोतासाठीबी नाही म्हने. मले पाह्यजे होता तो तुकडा. पन मले इचारलंच नाही."

ओसरीवर कप हातात धरून उभी राहिलेली मामी मला आठवली. तेव्हा ती घाबरून थांबली, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि तू तिला आत पाठवलंस. किती प्रेमानं पाठवलंस, हेच मला सहन होत नाही. तू दुष्ट असतास तर मला सोपं गेलं असतं.

मग ती मला म्हणाली, "घे तू. मी धरीन तिले."

उद्या सकाळी घेतेय. मामी मैनेच्या मानेला कपाळ टेकून उभी राहील, तुझ्यासारखी. तू काय गुणगुणायचास ते तिला पाठ आहे म्हणे. गाणं नव्हतंच ते, नुसता मारोतीच्या आरतीचा सूर होता आणि तोही चुकलेला. बंडू गोठ्याकडे पाठ करून उभा राहणार आहे, म्हणजे वचनही त्यानं मोडलं नाही असं होईल. प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत व्यापाऱ्याला थांबवायचंही त्यानं कबूल केलंय. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. तिला पेलणार नाही, असंही येईल. तसं आलं तरी मामी म्हणते, ती दावणीलाच राहील, पण मले ठावं पाह्यजे.

राग आला तर ये. कावळा होऊन ये नाही तर कसाही ये, चौकटीवर बसून बघ. मी चिमटा गरम पाण्यात ठेवला आहे. किती छोटा आहे ते एकदा नीट बघून घे. नखाएवढा तुकडा असतो रे तो, मामा. तुझ्याकडे मी तेवढाच मागत होते.